नांगराखालची ओळ

त्र्यंबक टिपणीसाचं इंग्रजी किती कच्चं होतं, हे ठाण्यात दोघांनाच नीट ठाऊक होतं. एक आमचे हेडमास्तर आणि दुसरा मी. हेडमास्तर वारले. मी मात्र ही गोष्ट पोटात ठेवली असं कुणी समजू नये. जिथे संधी मिळाली तिथे मी ती सांगितली आहे.

आम्ही दोघं एका बाकावर शिकलो. मॅट्रिकला इंग्रजीत मी शाळेत पहिला आलो आणि तो कसाबसा काठावर निभावला. पुढे मी सरकारी इंग्रजी शाळेत मास्तर झालो आणि तो वकिलीची परीक्षा देऊन वकील झाला. तो बाजारातून निघाला की दुकानदार उठून रामराम करायचे. मी निघालो की ज्यांची पोरं नापास झालेली असत, ते तोंड फिरवायचे. बरं, तो शिष्ट असता तर माझं काम सोपं झालं असतं. पण तो पडला दिलदार. लांबूनच ‘प्रभाकर’ अशी हाक मारायचा आणि भर रस्त्यात गळ्यात हात टाकून चालायला लागायचा. तो हात मला नकोसा व्हायचा. लोकांना वाटे, काय यांची मैत्री.

मी मनाचा वाईट नाही. फक्त त्याचं चांगलं झालेलं मला पाहवत नसे.

राणीच्या जुबिलीनंतर चार वर्षांनी कोपरचं मिठागर बंद करायचा हुकूम निघाला. कोपर हे डोंबिवलीजवळचं खाडीकाठचं गाव. आगर लहान आहे, तिथल्या पहाऱ्याचा खर्च निघत नाही, सबब येत्या पावसाळ्यानंतर तिथे मीठ पिकवू नये, असं त्या हुकुमात म्हटलं होतं. गावातली सत्तर घरं त्या आगरावर जगत होती. भात पिकायचं ते चार महिने पुरायचं, बाकीचे आठ महिने मिठाचे. त्यांचा पुढारी काळुराम म्हणून होता. अंगानं आडवा, बोलायला अगदी हळू, मिठाच्या पाण्यानं पाय फुटलेले. त्यानं मीठखात्याच्या साहेबाकडे दोनदा अर्ज केला आणि दोन्ही वेळा एकच उत्तर आलं. तेव्हा तो त्र्यंबककडे आला, आणि त्र्यंबकच्या डोक्यात पार्लमेंट शिरलं.

विलायतेच्या पार्लमेंटात त्या काळी हिंदुस्थानची कड घेणारे दोघे-तिघे सभासद होते. त्यातल्या एकाला त्र्यंबकनं आपल्या मोडक्या इंग्रजीत पत्र घातलं. मला वाटलं, कसलं उत्तर येतंय. पण दीड महिन्यानं उत्तर आलं. अर्ज इंग्रजीत पाठवावा, त्यावर लोकांच्या सह्या किंवा निशाण्या असाव्यात, मी भर सभेत प्रश्न विचारीन, असं त्या गृहस्थानं लिहिलं होतं. जाड कागद, वर पार्लमेंटचा शिक्का आणि खाली ‘माय डिअर मिस्टर टिपणीस’. त्र्यंबक ते पत्र घेऊन धावत पहिल्यांदा माझ्याकडे आला. मी ते दोनदा वाचलं आणि वा, फारच छान, असं म्हणालो.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. माझी बायको मंदाकिनी ताटाकडे बघत म्हणाली, “आमटीत मीठ कमी झालंय का? इकडून हात आखडलाय.”

मी म्हटलं, मीठच जास्त झालंय.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबक पुन्हा आला. मराठी मसुदा त्यानं तयार केला होता. दोनदा कोपरला जाऊन तो सगळ्या गावाला वाचूनही दाखवला होता. आता त्याचं इंग्रजी मी करावं, असं त्याचं म्हणणं होतं.

“माझ्या इंग्रजीनं त्या गरिबांचं आगर बुडेल, प्रभाकर,” तो म्हणाला. “तुझ्यासारखं लिहिणारा या जिल्ह्यात नाही. आणि काळजी करू नकोस. तू सरकारी नोकर. तुझं नाव कुठेही येणार नाही.”

हे तो माझ्या भल्यासाठीच बोलला, यात शंका नाही. पण माझ्या कानांनी शेवटचंच वाक्य धरलं. मेहनत माझी, अक्षर माझं, आणि नाव कुठेही नाही. मी हो म्हटलं ते त्याच्यासाठी नव्हे, काळुरामासाठी तर नव्हेच. पार्लमेंटातले सहाशे लोक माझं इंग्रजी ऐकणार, यासाठी म्हटलं.

बारा दिवस मी त्या अर्जावर बसलो. त्र्यंबकचा मसुदा साधा होता. आम्ही अमुक गावचे, आमचं आगर अमुक पिढ्यांचं, ते बंद केलंत तर आम्ही खायचं काय, असा. मी त्याचं सोनं केलं. एकेक वाक्य अर्ध्या पानाचं. दुसऱ्या परिच्छेदात एक लॅटिन वचनही घातलं. कोपरच्या मिठाशी त्याचा तसा काही संबंध नव्हता, पण ते मला पाठ होतं आणि आजवर कुठे घालायची संधी आली नव्हती.

आता इथे एक रिवाज सांगायला हवा. ज्याला लिहिता येत नाही तो कागदावर निशाणी करतो. शेतकरी नांगर काढतो, बाई बांगडी काढते. आणि सगळ्या निशाण्यांच्या खाली, ज्यानं तो कागद लिहून वाचून दाखवला, तो आपलं नाव घालतो. हा मजकूर यांना मराठीत समजावून सांगितला, त्यांच्या सांगण्यावरून नावं लिहिली, हस्ताक्षर अमक्याचं. त्या ओळीवाचून नांगर म्हणजे नुसत्या चार रेघा. कचेरीतल्या पट्टेवाल्यालाही हे माहीत असतं. माझं नाव चालणार नव्हतं, म्हणून त्या ओळीत त्र्यंबकचं नाव जायचं होतं. मसुद्याच्या शेवटी त्यानं ती ओळ लिहूनही दिली होती.

शुक्रवारची विलायती डाक गाठायची होती. बुधवारी दुपारी मी शेवटचं पान लिहायला घेतलं. वर निशाण्यांसाठी जागा आखली आणि तळाशी त्या ओळीसाठी दोन बोटं जागा सोडली. टाक शाईत बुडवला. आणि मला दिसायला लागलं की पार्लमेंटात कुणी कारकून उभा राहिला आहे, त्यानं माझी सगळी सुंदर वाक्यं वाचली, आणि अखेरीस खणखणीत आवाजात म्हणाला, ‘त्र्यंबक विष्णू टिपणीस, प्लीडर, ठाणे.’ सहाशे लोकांनी ते नाव ऐकलं. त्यांची समजूत झाली की हे इंग्रजी त्याचंच.

टाकाची शाई वाळली. मी तो पुन्हा बुडवला, पुन्हा वाळली. माझं नाव नाही तर त्याचंही नको, असं मी मनाशी म्हटलं. एका ओळीनं काय बिघडतंय, अर्ज तर पुरा आहे. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारे लोक मी पाहिले होते आणि त्यांना हसलोही होतो. इथे तर नाकही दुसऱ्याचंच होतं, हे मला सुचलं नाही.

मंदाकिनीनं आतून विचारलं, “झालं का लिहून?”

“झालं,” मी म्हणालो.

दैवही अशा वेळी बरोबर साथ देतं. त्र्यंबकला नेमका हिवताप भरला, आणि गुरुवारी निशाण्या घ्यायला मी एकटाच कोपरला गेलो. आगराच्या बांधावर घोंगडी अंथरली होती. कोंड्यांमध्ये, म्हणजे आगराच्या वाफ्यांमध्ये, मीठ धरायला लागलं होतं आणि त्या पांढऱ्यानं डोळे दिपत होते. एकेक जण यायचा, हात धोतराला पुसायचा, टाक मुठीत धरायचा आणि नांगर काढायचा. तुळसा नावाची एक विधवा होती. तिच्या हातात बांगडी नव्हती, तरी तिनं कागदावर गोल बांगडी काढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. एकशे बारा नांगर झाले आणि एकोणीस बांगड्या झाल्या.

काळुराम शेवटी आला. नांगर काढून झाल्यावर तो कागदाच्या तळाशी बघायला लागला. वाचता येत नव्हतं, पण आयुष्यात दहा-बारा कागदांवर त्यानं निशाणी केली होती.

“मास्तर,” तो म्हणाला, “लिवनाऱ्याचा नाव कंय हाय? नांगराखाली यते ना तो?”

“इंग्रजीत तशी पद्धत नसते,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. इंग्रजीत काय असतं नि काय नसतं, हे मास्तर सांगणार आणि तो ऐकणार. मी कागद घडी करून लखोट्यात घातला, लाख लावली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ठाण्याच्या पोस्टात स्वतःच्या हातानं टाकला. त्र्यंबकनं त्या सभासदाला लिहायचं ते पत्र आधीच्या डाकेनंच धाडलं होतं. त्यात त्यानं काय लिहिलं होतं, हे मी विचारलं नाही.

उत्तर फाल्गुनात आलं. त्या गृहस्थानं पार्लमेंटच्या त्या दिवसाच्या कामाचा छापील वृत्तांत पाठवला होता. त्र्यंबकनं कोपरला निरोप धाडला, आणि रविवारी सकाळी ओहोटीच्या पाण्याबरोबर दोन होड्या भरून लोक ठाण्याला आले. तलावाजवळच्या वाचनालयाच्या ओसरीवर सगळे बसले. मी आलो तेव्हा त्र्यंबकच्या हातात तो वृत्तांत होता.

“मी नुसता फोडलाय. वाचलेला नाही,” तो म्हणाला. “इंग्रजी तुझं, तेव्हा वाचायचा मानही तुझा.”

मी खुर्चीवर बसलो आणि त्र्यंबक माझ्या खांद्यामागे उभा राहिला. मी मराठी करून सांगायचं आणि त्यानं ओळींवर बोट फिरवत बघायचं, असं चाललं होतं. आमचा प्रश्न एकेचाळिसावा होता. पण काळुराम म्हणाला की पहिल्यापासून सांगा, तिथं काय चालतं ते कळू दे. म्हणून मी पहिल्यापासून सांगितलं. आधी प्रार्थना झाली. मग एका गावाच्या नळांसाठी कायद्याचं बिल आलं. मग प्रश्न सुरू झाले. आयर्लंडातल्या एका पोलीस चौकीच्या खिडकीची काच कुणी फोडली. स्कॉटलंडात मेंढरांना खरूज झाली आहे, त्याचं सरकार काय करणार. एका दीपगृहाचा दिवा धुक्यात दिसत नाही, तो बदलणार का.

लोकांना हे फार आवडलं. जिथे मेंढरांच्या खरजेची चौकशी होते तिथे आपल्या मिठाची होणारच, असं त्यांना वाटलं असावं. ते मांडी बदलून नीट बसले.

एकेचाळिसावा प्रश्न आला. आपले सभासद उठले. त्यांनी आधी हुकूम सांगितला, सत्तर घरं सांगितली. आणि मग पुढच्या ओळी मी वाचल्या, त्या मला आजही पाठ आहेत. “मला एका गृहस्थांनी कळवलं आहे की या अर्जाचं इंग्रजी तिथल्या एका शाळामास्तरानं केलं आहे. त्याच्या नोकरीला धक्का लागू नये म्हणून मी त्याचं नाव घेत नाही. एवढंच म्हणतो, की असं इंग्रजी लिहिणारे या सभागृहातही थोडेच निघतील.” पुढे छापलं होतं, वाहवा.

त्र्यंबकनं माझा खांदा दाबला. “पुन्हा वाच,” तो म्हणाला. मी पुन्हा वाचलं. हे त्यानं कळवलं होतं. तापात पडायच्या आधी, आपल्या मोडक्या इंग्रजीत, माझ्याबद्दल. त्या क्षणी मला त्याचा हेवा वाटला नाही. इतक्या वर्षांत प्रथमच वाटला नाही, आणि ते फार हलकं वाटलं.

मग मंत्र्याचं उत्तर आलं. मी वाचत गेलो, कारण थांबणं शक्य नव्हतं. माझ्या खांद्यावरून त्र्यंबकचं बोट ओळींवर फिरत होतं.

“अर्ज मी स्वतः पाहिला आहे. इंग्रजी खरोखरच उत्तम आहे. त्यात लॅटिनही आहे.” पुढे छापलं होतं, हशा. “खाली नांगर आहेत आणि बांगड्या आहेत. पण हे नांगर काढणाऱ्यांना तो मजकूर कुणी समजावून सांगितला, याबद्दल कागदावर एक अक्षर नाही. मला सांगण्यात आलं आहे की हिंदुस्थानात अशा कागदाखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. मास्तरांचं नाव घेता येत नाही आणि दुसऱ्या कुणी आपलं नाव घातलेलं नाही. तेव्हा हा अर्ज मीठवाल्यांचा आहे की लॅटिन जाणणाऱ्या मास्तरांचा, हे ठरवणं कठीण आहे.” पुन्हा हशा. “सरकारला यात लक्ष घालता येत नाही.”

बेचाळिसावा प्रश्न पोस्टकार्डाच्या आकाराबद्दल होता. तो मी वाचला नाही.

माझ्या खांद्यामागचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. त्र्यंबकनं ती ओळ पुन्हा वाचली, ओठ हलवत, तो शाळेत वाचायचा तसा.

“पण माझं नाव होतं ना,” तो म्हणाला. “मसुद्याच्या शेवटी मी ओळ लिहून दिली होती.”

मी तोंड उघडलं. काय बोलणार होतो, ते मला आजही सांगता येणार नाही. माझ्याआधी काळुराम बोलला.

“नव्हता नाव, वकील. मी इचारला मास्तरांना. मास्तर बोलले, इंग्रजीत तशी पद्धत नाय.” आणि मग लोकांकडे वळून, माझी बाजू घेत, “त्यांना ठावं नसंल. चुकतं मानूस.”

त्र्यंबकनं माझ्याकडे बघितलं. मला इंग्रजी किती येतं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. मला काय ठाऊक असतं आणि काय नसतं, हेही. त्या बघण्यात राग नव्हता. एखादी बेरीज कित्येक वर्षं चुकत असावी आणि आज एकदम जुळावी, तसं त्याचं तोंड झालं होतं.

“बरोबर आहे,” तो लोकांना म्हणाला. “इंग्रजीत तशी पद्धत नसते. प्रभाकरची चूक नाही.”

तो माझ्यासाठी खोटं बोलला. भर लोकांत, आगर बुडालेल्या माणसांसमोर, मला वाचवायला. आणि माझ्या मनात काय आलं? कृतज्ञता नव्हे. मनात आलं, की बघा, इथेही हा माझ्या पुढे गेला.

भरतीची वेळ होत आली, तसे लोक उठले. पाणी चढायला लागलं की त्याच्याबरोबर होड्या परत न्यायच्या होत्या. काळुराम माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता काही बोलेल. तो बोलला ते असं, “तुमचा इंग्रजी लय चांगला हाय, असा ते साहेब बोलले ना, मास्तर? आमचा नाय झाला काम, पन तुमचा नाव झाला.” तो मनापासून बोलत होता. त्याला माझं बरं झालेलं बघवत होतं.

त्र्यंबकचं घर खोपटच्या बाजूला होतं आणि तिकडे वळेपर्यंत आम्हा दोघांचा रस्ता एकच होता. आम्ही बरोबर निघालो. तो पावलं टाकत होता आणि त्याचे दोन्ही हात त्याच्या पाठीमागे होते. वळणावर तो म्हणाला, “येतो, गुप्ते.” शाळेपासून त्यानं मला आडनावानं कधी हाक मारली नव्हती.

दुसरा अर्ज त्यानं स्वतःच इंग्रजीत लिहिला, मला न विचारता. त्यात चुका असतील, पण नांगरांखाली त्याचं नाव होतं. तो अर्ज विलायतेला पोचेपर्यंत पार्लमेंटची ती बैठक उठत आली होती. या विषयाचं उत्तर पूर्वीच दिलेलं आहे, एवढंच कळलं. पावसाळा सरला आणि कोपरच्या आगराचे बांध कुणी घातले नाहीत. गावातली काही माणसं दुसऱ्यांच्या आगरांवर मजुरीला गेली, काही रेल्वेच्या कामावर. तुळसा कुठे गेली ते मला कळलं नाही.

वृत्तांताचं ते पान मात्र मी मागून घेतलं होतं. एकदा मंदाकिनी म्हणाली, की पार्लमेंटात इकडची वाहवा झाली म्हणे, आम्हाला कुणी वाचून दाखवत नाही. मी पेटीतून पान काढून तिला वाचून दाखवलं, ‘थोडेच निघतील’ इथपर्यंत. तिनं दोन्ही कानशिलांवर बोटं मोडली. मग म्हणाली, “आणि पुढे काय लिहिलंय? तेवढ्यावरच कसं थांबायचं?” मी सांगितलं, पुढे पोस्टकार्डाचं आहे.

कात्रीनं तेवढाच भाग कापून ठेवावा, असंही मनात आलं होतं. पण वाहवा कापून घेतली तरी उरलेल्या पानावर तळाचा हशा तसाच राहतो. म्हणून सगळं पान ठेवलं आहे.

त्यानंतर तीन-चार वर्षांनी मी कल्याणला शाळातपासणीच्या कामाला गेलो होतो. संध्याकाळी खाडीवरच्या धक्क्याशी त्र्यंबक दिसला. कल्याणच्या कोर्टात त्याचं काही काम असावं. त्याच्याबरोबर काळुराम होता. तो आता धक्क्यावर गोणी वाहायचा, पाठीवरचं पोतं शेजारी उतरवलेलं होतं, पाय तसेच फुटलेले. त्र्यंबक काही तरी सांगत हसत होता, आणि त्याचा हात काळुरामाच्या गळ्यात होता.

मी खांबाच्या आड उभा राहिलो. ज्या माणसाचं आगर मी बुडवलं त्याचा मला हेवा वाटला, आणि तो आजतागायत गेलेला नाही.